साहसपटांतील माणूस

मारधाडीचा चित्रपट म्हटला कीं आपल्या सुशिक्षित घरांतून एक ठराविक उद्गार निघतो. मुलानें सुटीच्या दिवशीं तसला चित्रपट पाहण्याची परवानगी मागितली, तर वडील माणसें वर्तमानपत्रांतून मान वर न काढतां म्हणतात, "त्यांत पाहण्यासारखें काय असतें? एक पळतो, दुसरा पाठलाग करतो, आणि शेवटीं कांहीं तरी जळतें." हा आक्षेप अगदींच खोटा आहे असें मी म्हणणार नाहीं. बहुतेक साहसपट असेच असतात, आणि ते पाहून घरीं येईपर्यंत आपण ते विसरलेलोहि असतों. परंतु याच जातींत कांहीं चित्रपट असे निघाले कीं त्यांना सत्तर-सत्तर, शंभर-शंभर वर्षें लोटलीं तरी जाणते प्रेक्षक त्यांच्याकडे पुन्हां पुन्हां वळतात. पळापळ त्यांतहि आहे, पाठलाग आहे, आग आहे. मग एक विसरला जातो आणि दुसरा विसरतां येत नाहीं, हें कशामुळें? साहसपटाच्या इतिहासांतील चार टप्पे घेऊन या प्रश्नाचा विचार करण्याचा आज मानस आहे.

पहिला टप्पा अगदीं आरंभींचा. अमेरिकेंत एडिसनच्या कंपनीसाठीं एडविन पोर्टर यानें १९०३ सालीं 'द ग्रेट ट्रेन रॉबरी' नांवाचा मूकपट काढला. त्याची लांबी सुमारें बारा मिनिटांची. दरोडेखोर तारमास्तराला बांधून ठेवतात, गाडी थांबवितात, तिजोरी सुरुंगानें उडवितात, उतारूंना खालीं उतरवून लुटतात आणि घोड्यांवरून निसटूं पाहतात. मग त्यांचा पाठलाग होतो व ते मारले जातात. नंतरच्या साऱ्या साहसपटांचें बीज या बारा मिनिटांत आहे. त्यांतील दोन बारीक गोष्टींकडे मात्र मी आपलें लक्ष वेधतों. धांवत्या इंजिनावर एका दरोडेखोराची कोळसेवाल्याशीं झटापट होते व कोळसेवाल्याला खालीं फेंकून देण्यांत येतें. जें फेंकलें जातें तें चिंध्यांचें बाहुलें आहे, हें आज सहज ओळखूं येतें. पण तें ओळखल्यानें आपलें कांहीं बिघडत नाहीं. कारण तो कोळसेवाला जिवंत होता तेव्हांहि आपल्याला तो कोणीच नव्हता. दुसरी गोष्ट याहून बोलकी आहे. दरोडेखोरांचा नायक पडदाभर दिसतो व सरळ प्रेक्षकांवर पिस्तूल झाडतो, असें एक स्वतंत्र दृश्य या चित्रपटांत होतें. तें खेळाच्या आरंभीं दाखवावें कीं शेवटीं, हें चित्रपटगृहाच्या चालकानें आपल्या मर्जीप्रमाणें ठरवावें, अशी कंपनीचीच सूचना होती. आरंभीं लावा कीं शेवटीं लावा, कथेला कसलाच धक्का पोंचत नाहीं. कारण पिस्तूल झाडणाऱ्या त्या मनुष्याला पूर्वायुष्य नाहीं, इच्छा नाहीं, पश्चात्ताप नाहीं. तेथें पिस्तूल आहे, माणूस नाहीं.

दुसरा टप्पा १९२६ सालचा. या वर्षीं बस्टर कीटन या विनोदी नटानें 'द जनरल' हा मूकपट केला. त्याचा आधार खऱ्या इतिहासांतला आहे. अमेरिकेंतील यादवी युद्धांत, १२ एप्रिल १८६२ रोजीं, उत्तरेकडील पक्षाच्या कांहीं लोकांनीं जेम्स अँड्रूज याच्या नेतृत्वाखालीं दक्षिणेंतील जॉर्जिया प्रांतांत शिरून 'जनरल' नांवाचें आगगाडीचें इंजिन पळविलें. त्या गाडीचा कंडक्टर विल्यम फुलर हा प्रथम पायीं, मग रूळांवरच्या ढकलगाडीनें, नंतर मिळतील त्या इंजिनांनीं त्यांच्या मागें लागला, आणि त्यानें त्यांना गांठलें. अँड्रूज व त्याचे कांहीं सोबती पुढें फांसावर गेले.

पाठलागाची इतकी आयती कथा हातीं आल्यावर दुसऱ्या कोणीं तिच्यांत आणखी चार पूल जाळले असते व दहा तोफा वाढविल्या असत्या. कीटनच्या चित्रपटांत पूल जळतो आणि त्यावरून एक खरेंखुरें इंजिन नदींतहि कोसळतें. पण त्याची खरी करामत निराळी आहे. पाठलाग करणारा माणूस कोण, हें त्यानें आधीं ठरविलें. त्याचा जॉनी ग्रे हा साधा इंजिनचालक. युद्ध सुरू होतांच तो सैन्यांत नांव नोंदवावयास जातो. सैन्याला शिपायापेक्षां इंजिनचालकाची गरज अधिक म्हणून अधिकारी त्याला परत पाठवितात. मात्र हें कारण त्याला कोणीच सांगत नाहीं. त्याची प्रेयसी समजते कीं हा भित्रा आहे, आणि गणवेश अंगावर चढल्याशिवाय माझ्याशीं बोलूं नकोस असें त्याला बजावते. खिन्न होऊन तो इंजिनाच्या चाकांना जोडणाऱ्या दांड्यावर बसतो. इतक्यांत इंजिन चालूं लागतें; दांडा वर जातो, खालीं येतो, त्याबरोबर तोहि वर जातो, खालीं येतो, आणि तें त्याच्या गांवींहि नसतें.

या एका दृश्यांत पुढचा सारा पाठलाग सांठविलेला आहे. हातांतल्या गोष्टींत, मग तें दुःख असो कीं काम असो, इतका बुडून जाणारा हा माणूस आहे. पुढें शत्रूचा पाठलाग करतांना तो बंबासाठीं लांकडें फोडण्यांत असा गढून जातो कीं त्याच्या पाठीमागून शत्रूचें अख्खें सैन्य निघून जातें तरी त्याला पत्ता लागत नाहीं. आपण हंसतों, पण उमगतें तें असें कीं ज्या गुणामुळें हा माणूस संकटांत सांपडतो, त्याच गुणामुळें तो त्यांतून पार पडतो. संकट त्याच्यावर आकाशांतून पडलें नाहीं. तें त्याच्या स्वभावांतून वाढलें. म्हणूनच या चित्रपटांतील कोणतेंहि दृश्य उचलून पोर्टरच्या पिस्तुलाप्रमाणें आरंभीं किंवा शेवटीं लावतां येणार नाहीं. त्या काळीं हा चित्रपट अपेक्षेप्रमाणें चालला नाहीं, पण पुढच्या पिढ्यांनीं त्याला डोक्यावर घेतलें.

या ठिकाणीं आपल्या मुंबईची आठवण होणें साहजिक आहे, आणि तोच आपला तिसरा टप्पा. जे. बी. एच. वाडिया व होमी वाडिया या बंधूंनीं १९३३ सालीं मुंबईंत 'वाडिया मूव्हिटोन' ही संस्था काढली व १९३५ सालीं 'हंटरवाली' हा बोलपट पडद्यावर आणला. त्याची नायिका नादिया. तिचें मूळ नांव मेरी एव्हान्स. जन्म १९०८ सालीं ऑस्ट्रेलियांतील पर्थ येथें झालेला. दुष्ट प्रधान राजाला कैद करतो, आणि राजकन्या माधुरी चेहऱ्यावर बुरखा व हातांत चाबूक घेऊन गरिबांची कैवारी बनते, असें कथानक. घोडदौड, उड्या, हाणामारी हें सारें नादिया स्वतः करी. 'मिस फ्रॉन्टियर मेल' या १९३६ सालच्या चित्रपटांत तर ती धांवत्या आगगाडीच्या टपावर झुंजली. असल्या चित्रपटांना 'स्टंटपट' म्हणून नाक मुरडणारी आपली अभिरुचि जरा अन्यायीच होती, असें मला वाटतें. स्त्रीनें रडावें व पुरुषानें तिला सोडवावें, हा पडद्यावरचा सांप्रदाय या बाईनें उलटा करून दाखविला, ही लहान गोष्ट नव्हे.

तरीहि प्रामाणिकपणें एक भेद सांगितला पाहिजे. 'हंटरवाली' पाहतांना प्रेक्षक थक्क होतो तो नादियाच्या धैर्यानें, माधुरीच्या नव्हे. राजकन्या माधुरीला भीति नाहीं, शंका नाहीं, आणि चाबूक हातीं घेतल्यापासून शेवटपर्यंत तिच्यांत पालटहि नाहीं. टपावरून टपावर उडी घेतांना खरी जोखीम पत्करते ती नटी. कथेंतील स्त्रीला पडद्यावर जखम होऊं शकत नाहीं, हें आपल्याला आरंभींच ठाऊक असतें. कौतुक वाटतें, पण काळीज हलत नाहीं.

काळीज हलविणारा चित्रपट कसा असतो हें दाखविण्यासाठीं आतां मी चौथ्या टप्प्याकडे येतों. आंरी-जॉर्ज क्लूझो या दिग्दर्शकाचा 'ल सालेर द ला पर' हा फ्रेंच बोलपट १९५३ सालीं प्रदर्शित झाला. इंग्रजींत त्याला 'द वेजेस ऑफ फिअर' म्हणतात. आपण 'भीतीची मजुरी' म्हणूं. जॉर्ज आर्नो याच्या १९५० सालच्या कादंबरीवर तो आधारलेला आहे. कथा घडते दक्षिण अमेरिकेंत, पण चित्रण झालें फ्रान्सच्या दक्षिण भागांत. कान येथील महोत्सवाचें मुख्य पारितोषिक आणि बर्लिन येथील महोत्सवाचें सुवर्ण-अस्वल, हे दोन्ही मान त्याला त्याच वर्षीं मिळाले.

कथानक दोन वाक्यांत मावतें. एका उजाड गांवापासून सुमारें तीनशें मैलांवर अमेरिकन कंपनीच्या तेलविहिरीला आग लागली आहे. ती विझविण्यासाठीं नायट्रोग्लिसरीन पोंचविलें पाहिजे, कारण मोठ्या स्फोटाच्या धक्क्यानें असली ज्वाला एकदम तुटते. हें द्रव्य धक्का लागतांच उडतें, आणि तें खडबडीत डोंगरी रस्त्यानें, साध्या लॉऱ्यांतून न्यावयाचें आहे. दोन लॉऱ्या, चार माणसें, प्रत्येकीं दोन हजार डॉलर.

आतां क्लूझोची रीत पाहा. लॉऱ्या सुटण्यापूर्वीं चित्रपटाचा जवळजवळ एक तास निघून जातो. या तासांत आपण त्या गांवांत अडकलेल्या परदेशी माणसांबरोबर नुसते बसतों. काम नाहीं, परतीच्या तिकिटाला पैसे नाहींत, ऊन आणि माशा. मारिओ हा तरुण फ्रेंच. पॅरिसच्या भुयारी आगगाडीचें एक वापरलेलें तिकीट त्यानें जपून ठेवलें आहे. त्याचा सोबती लुइजी हा कष्टाळू, हंसतमुख इटालियन. सिमेंटच्या धुळीनें त्याचीं फुप्फुसें निकामी होत चाललीं आहेत. बिम्बा अबोल; नात्झी राजवटींत मिठाच्या खाणींत वेठीला राबून आलेला. आणि एके दिवशीं विमानांतून उतरतो झो: पांढरा पोशाख, पॅरिसच्या गुंडगिरींत मुरलेला, वयस्क, रुबाबदार. तो गुत्त्यांत लुइजीला सर्वांसमक्ष खालीं मान घालावयास लावतो, आणि मारिओ आपल्या जुन्या मित्राला सोडून या नव्या वीराच्या मागें हिंडूं लागतो. अधीर प्रेक्षकाला हा एक तास लांबण वाटतो. पण हा तास म्हणजे पुढच्या दीड तासाचें भांडवल आहे.

कंपनीचा अधिकारी या कामासाठीं आपल्या नोकरांना न निवडतां गांवांतल्या या भणंगांना कां निवडतो, तेंहि याच भागांत स्पष्ट होतें. यांना संघटना नाहीं, यांच्या मागें कुटुंब नाहीं. हे उडाले तर विचारपूस करावयास कोणी येणार नाहीं. हा हिशेब कृपया ध्यानांत ठेवावा. त्याच्याकडे मला शेवटीं परत यावयाचें आहे. तोच अधिकारी त्या द्रव्याचा एक थेंब जमिनीवर टाकून त्याचा स्फोटहि सर्वांना दाखवितो. धोका कोणता आणि त्याचा नियम काय, हें प्रेक्षकाला एकदां नीट कळलें कीं दिग्दर्शकाला आणखी कांहीं ओरडून सांगावें लागत नाहीं. यापुढें रस्त्यांतील प्रत्येक खळगा आपल्या छातींत जाणवतो.

प्रवास सुरू होतो आणि, 'गर्जेल तो पडेल काय' या म्हणीचा प्रत्यय येतो. झो गारठतो. त्याला घाम फुटतो, ताप आल्याची बतावणी करावी लागते. वाटेंत पत्र्याच्या पन्हळींसारख्या वळ्या पडलेला रस्ता लागतो. असल्या रस्त्यावर एक तर अगदीं गोगलगायीच्या चालीनें जावें, नाहीं तर इतक्या वेगानें जावें कीं चाकें वळ्यांच्या माथ्यांवरून तरंगत गेलीं पाहिजेत. मधला वेग म्हणजे मरण. पुढें एका वळणावर लॉरी मागें घेण्यासाठीं दरीवर बांधलेला कुजका लांकडी माचा येतो. मारिओ लॉरी मागें घेतो, फळ्या मोडूं लागतात, आणि झो पळ काढतो. त्यानंतर मार्ग अडविणारी प्रचंड शिळा. बिम्बा शांत हातानें तिला पाडलेल्या भोंकांत तें जीवघेणें द्रव्य ओततो.

येथें एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. संकट चौघांवर एकच आहे. रस्ता तोच, द्रव्य तेंच. तरी प्रत्येकाच्या वांट्याला आलेली भीति निराळी. लुइजी काम समजून तिच्याशीं झगडतो. बिम्बा मृत्यूशीं पूर्वींच हिशेब करून बसला आहे. म्हणून चालत्या लॉरींत तो स्वच्छ दाढी करतो. मारिओची भीति त्याला कठोर करते, आणि झोची भीति त्याला पोकळ करते. गांवांतला वीर रस्त्यांत भेकड ठरतो. त्याच्या मागें फिरणारा पोरगा त्याच्यावर हात उगारतो. संकट येण्यापूर्वीं आपण या माणसांस एक तास ओळखत नसतों, तर हा पालट आपल्याला दिसलाच नसता. भित्रा माणूस पाहणें आणि धीट समजलेला माणूस भित्रा होतांना पाहणें, या दोहोंत फार अंतर आहे.

या चित्रपटांतील सर्वांत मोठा स्फोट आपल्याला जवळून दिसतहि नाहीं. मागच्या लॉरींत झो सिगारेट वळीत असतो. एकाएकीं त्याच्या हातांतल्या कागदावरची तंबाखू हवेच्या झोताबरोबर उडून जाते. क्षणभर लखलखाट, मग आवाज. पुढची लॉरी, लुइजी आणि बिम्बा, कांहीं उरलेलें नाहीं. चिमूटभर तंबाखू उडते आणि आपला श्वास अडतो. कारण त्या दोघांना आपण नांवानें ओळखत होतों. पोर्टरच्या बाहुल्यापासून कला येथवर आली ती पन्नास वर्षांत.

स्फोटाच्या खड्ड्यांत फुटलेल्या नळांतून तेल सांठतें. झो वाट दाखविण्यासाठीं त्यांत उतरतो. त्याचा पाय अडकतो. लॉरी थांबली तर ती चिखलांत कायमची रुतेल. मारिओ थांबत नाहीं. त्याच्या पायावरून ती पुढें नेतो. येथें शत्रु नाहीं, पिस्तूल नाहीं, पाठलाग नाहीं. सुकाणूवर दोन हात आहेत आणि एक निर्णय आहे. साऱ्या चित्रपटाचें शिखर हेंच. त्यानंतर चिरडलेल्या झोला कुशींत घेऊन मारिओ त्याच्याशीं पॅरिसच्या गल्लीबोळांच्या गोष्टी करीत राहतो, आणि आगीचा उजेड दिसूं लागतां लागतां झो मरतो. मारिओला त्याचे व झोचे मिळून चार हजार डॉलर मिळतात. परततांना आनंदाच्या भरांत तो मोकळी लॉरी नाचवीत हांकतो व दरींत कोसळतो. त्याच्या हातांत तें भुयारी गाडीचें तिकीट आहे.

हा शेवट निष्ठुर आहे, दिग्दर्शकानें नायकाचा विनाकारण बळी घेतला, असा आक्षेप घेणारे आहेत. त्यांत तथ्य नाहीं असें नाहीं. मलाहि तो शेवट पहिल्यानें अघोरी वाटला. पण विचार करतां असें दिसतें कीं जो माणूस भीतीच्या जोरावर तीनशें मैल सावध राहिला, तो भीति संपतांच बेसावध होतो, हें त्याच्या स्वभावाशीं विसंगत नाहीं. दैवानें त्याला मारलें असें म्हणण्यापेक्षां त्याच्या सुटकेनेंच त्याला मारलें असें म्हणावें.

१९५५ सालीं हा चित्रपट अमेरिकेंत दाखविला गेला तेव्हां त्यांतील बराच भाग कापण्यांत आला होता. कंपनीच्या वागणुकीवर बोट ठेवणारे प्रसंगहि त्यांत गेले. पुढें विल्यम फ्रीडकिन या अमेरिकन दिग्दर्शकानें तीच कथा 'सॉर्सरर' या नांवानें १९७७ सालीं पुन्हां चित्रित केली. त्यानेंहि चौघांची पूर्वकथा आधीं सांगण्याचा आग्रह सोडला नाहीं. व्हेराक्रूझ, जेरुसलेम, पॅरिस आणि न्यू जर्सी अशा चार ठिकाणीं त्याचा चित्रपट सुरू होतो. 'स्टार वॉर्स' हा अंतराळांतील साहसपट त्याच्या महिनाभर आधींच आला होता. त्याच्या झगमगाटापुढें 'सॉर्सरर' पडला. परंतु नंतरच्या काळांत त्याला पुन्हां प्रेक्षक मिळाले. 'द जनरल'ची गत आपण पाहिलीच. अशा चित्रपटांना न्याय मिळावयास कधीं कधीं वेळ लागतो.

श्रोतेहो, आतां कंपनीच्या त्या हिशेबाकडे वळूं. हे उडाले तर विचारणारें कोणी नाहीं, असा तो हिशेब होता. हलक्या साहसपटाचा हिशेब नेमका हाच असतो. पुलावरून गाडी कोसळते, इमारत उडते, दहा-वीस माणसें मरतात, आणि त्यांच्यामागें विचारपूस करणारें कोणी नसतें, प्रेक्षकहि नसतो. आज गणकयंत्रांच्या साहाय्यानें पडद्यावर आख्खें शहर जाळतां येतें, आणि तेथें तर मोजावयासहि कोणी थांबत नाहीं. अशा वेळीं आपण नकळत त्या कंपनीच्या अधिकाऱ्याच्या खुर्चींत बसलेले असतों. थोर साहसपट आपल्याला त्या खुर्चींतून उठवितो. तो चार भणंगांशीं आपली ओळख करून देतो, त्यांचे दोष लपवीत नाहीं, आणि मग त्यांना रस्त्यावर सोडतो. त्यांच्यापैकीं कोणी गेला म्हणजे त्याची विचारपूस करणारें निदान एक माणूस असतें. तें म्हणजे आपण.

तेव्हां घरांतल्या मुलानें पुन्हां कधीं असा चित्रपट पाहण्याची परवानगी मागितली, तर ती नाकारण्याची घाई करूं नये. तो पाहून आल्यावर मात्र त्याला जवळ बसवून एवढेंच विचारावें, "शेवटीं जळलें तें काय?" त्यानें इमारतींचीं आणि गाड्यांचीं नांवें सांगितलीं, तर वडिलांचा आक्षेप खरा होता असें समजावें. पण क्षणभर गप्प राहून त्यानें एखाद्या माणसाचें नांव घेतलें, तर पुढच्या खेपेस आपणहि त्याच्याबरोबर जावें.